वेबसाइटवर गिऱ्हाईक आणायला पैसे मोजावेत का? छोट्या व्यावसायिकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे. वाशीला पेट्या पाठवणं कमी करून आम्ही वेबसाइटवरून थेट विक्री सुरू केली, तेव्हापासून जाहिरातींचा हिशेब मी ठेवतो. आता ओळखीचे बागायतदार, होमस्टेवाले, दिवाळीचा फराळ पाठवणाऱ्या ताई आणि मराठीत ब्लॉग लिहिणारी मंडळी फोन करून तेच तेच प्रश्न विचारतात. त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतो आहे. उदाहरणं बहुतेक आंब्याची आहेत, कारण तो हिशेब मला पाठ आहे.

एका वाक्यात सांगा, पैसे देऊन लोक आणणं परवडतं का?

एका ऑर्डरमागे हातात किती रुपये उरतात हे तुम्हाला पक्कं माहीत असेल, तर परवडू शकतं. माहीत नसेल, तर आधी ते काढा, जाहिरात नंतर. आणि 'ट्रॅफिक' या नावाने जे घाऊक विकलं जातं, ते कधीच घेऊ नका.

जाहिरात देणं आणि ट्रॅफिक विकत घेणं यात फरक काय? दोन्हीत पैसे देऊन माणसंच येतात ना?

स्वतःहून माणसं येतात ती फक्त पहिल्यात. जाहिरातीत तुम्ही कोणासमोर दिसायचं ते ठरवता. पुण्यातला कोणी हापूसची पेटी शोधतो आहे, त्याला तुमचं नाव दिसतं, पटलं तर तो आत येतो. ट्रॅफिक विकणारा मात्र फक्त आकडा विकतो. 'दहा हजार व्हिजिटर, सात दिवसांत' असं त्याचं पॅकेज असतं. ते दहा हजार कोण, कुठले, कशाच्या शोधात आहेत, हे तो सांगत नाही, कारण सांगण्यासारखं काही नसतं.

मग ते दहा हजार येतात तरी कुठून?

काही निव्वळ प्रोग्रॅम असतात. कुठल्या तरी डेटा सेंटरमधला सर्व्हर ब्राउझर असल्याचं सोंग घेऊन तुमचं पान उघडतो आणि बंद करतो. काही खरी माणसं असतात, पण त्यांना तुमची साइट उघडल्याचं माहीतही नसतं. दुसरीच साइट पाहताना खिडकीमागे एक खिडकी उघडते, तिच्यात तुम्ही असता. काही 'तू माझी साइट बघ, मी तुझी बघतो' अशा अदलाबदलीतून येतात, तर काही मुदत संपलेल्या जुन्या डोमेनवरून, म्हणजे साइटच्या पत्त्यावरून, वळवलेले असतात.

हा धंदा किती मोठा होऊ शकतो, याचं एक उदाहरण न्यायालयात सिद्ध झालेलं आहे. डिसेंबर २०१६ मध्ये 'मेथबॉट' नावाचं जाळं उघडकीला आलं. नामांकित साइट्सच्या नावाने खोटी पानं तयार करून, भाड्याच्या सर्व्हरवरच्या बनावट प्रेक्षकांना त्यांवर व्हिडिओ जाहिराती दाखवल्या जात. शोधून काढणाऱ्या कंपनीचा अंदाज होता की जाहिरातदारांचे दिवसाला ३० ते ५० लाख डॉलर त्यात जात होते. सूत्रधार अलेक्झांडर झुकॉव्हला २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या संघीय न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा दिली. मोठमोठ्या कंपन्यांचे जाहिरात विभाग जे ओळखू शकले नाहीत, ते आपण पाचशे रुपयांच्या पॅकेजमध्ये ओळखू, असं धरून चालू नये.

मी स्वतः सुरुवातीला असं एक पॅकेज घेतलं होतं. आठवडाभर आलेख डोंगरासारखा चढला. फोन एकही वाजला नाही. नंतर बारकाईने पाहिलं तर बहुतेक 'पाहुणे' दोन सेकंदांत गेलेले, एकाच आकाराच्या स्क्रीनवरून आलेले, रात्री दोन ते चारमध्ये सर्वांत जास्त, आणि आम्ही जिथे एक पेटीही पाठवत नाही अशा देशांतले. तुमच्या साइटवर अशी लक्षणं दिसली, तर विकणाऱ्याशी वाद घालण्यात वेळ घालवू नका. पुढचे पैसे थांबवा.

परवडतं की नाही, याचा हिशेब नेमका कसा करायचा?

कागद घ्या. आकडे समजा म्हणून धरतो, तुम्ही तुमचे घाला.

पाच डझनांची पेटी ४,५०० रुपयांना विकली. फळाची किंमत, काढणी, गवत, खोका, कुरिअर आणि वाटेत खराब होणाऱ्या फळांची भरपाई असा सगळा खर्च ३,७०० रुपये. हातात उरले ८००. जाहिरात दाबून कोणी साइटवर आला की गूगल पैसे घेतं. अशा एका क्लिकचे १२ रुपये पडतात असं धरू. शंभर क्लिकांचे १,२००. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,४१६. शंभरातल्या दोघांनी पेटी घेतली तर १,६०० हातात आले, १८४ रुपये उरले. एकानेच घेतली तर ६१६ रुपये खिशातून गेले.

इथे जीएसटीकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. ताज्या फळांवर जीएसटी नाही, त्यामुळे नुसता आंबा विकणाऱ्या बागायतदाराला जाहिरातीवर भरलेल्या कराचं क्रेडिट घेता येत नाही. ते १८ टक्के त्याच्यासाठी खराखुरा खर्च आहे. पैठणी किंवा फराळ विकणारा, जीएसटी नोंदणी असलेला माणूस हा कर बहुधा वळता करून घेऊ शकतो. त्यामुळे एकाच भावाचा क्लिक दोघांना वेगवेगळा पडतो. तुमच्या सीएंना हे एकदा विचारून घ्या.

या हिशेबातून जो आकडा निघतो तो भिंतीवर लिहून ठेवावा: एका ऑर्डरमागे उरणारे पैसे गुणिले ऑर्डर देणाऱ्यांचं प्रमाण. ८०० चे दोन टक्के, म्हणजे १६ रुपये. करासकट १६ च्या वर क्लिक गेला की प्रत्येक पेटीबरोबर आपण गिऱ्हाइकाला पैसे देतो आहोत. कर बाजूला काढला तर ही मर्यादा साडेतेरा रुपयांच्या आसपास येते. अक्षय्य तृतीया जवळ आली की सगळेच बागायतदार आणि मोठ्या शहरांतले व्यापारीही लोक शोधतात त्या त्याच शब्दांवर बोली लावतात, आणि क्लिक सहज ही रेघ ओलांडतो. तेव्हा हात आखडता घ्यायला जमलं पाहिजे. नाहीतर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

आता याची दुसरी बाजू. आंब्याचं गिऱ्हाईक फळ आवडलं तर पुढच्या वर्षी स्वतःहून विचारतं, 'पेटी कधी येणार?' त्या ऑर्डरला जाहिरातीचा खर्च नाही. म्हणून पहिल्या पेटीत बरोबरी झाली, अगदी थोडा तोटा झाला, तरी परत येणाऱ्यांचं प्रमाण चांगलं असेल तर सौदा फायद्याचा ठरतो. पण हे म्हणायला तुमच्याकडे निदान दोन हंगामांची गिऱ्हाइकांची यादी हवी. 'लोक परत येतीलच' या भरवशावर पहिल्याच वर्षी तोटा ओढवून घेऊ नका.

आणखी एक तुलना मला उपयोगी पडली. वाशीला माल पाठवला की दलाली, हमाली, गाडीभाडं जातंच. थेट विक्रीत जाहिरातीला जाणारा पैसा हा त्याच जागेवरचा खर्च आहे. पेटीमागे आधी मधल्या माणसाला किती जात होते आणि आता जाहिरातीला किती जातात, हे शेजारी शेजारी लिहिलं की जाहिरात महाग की स्वस्त, हे दिसायला लागतं.

तुम्ही दोन टक्के धरलेत. माझ्याकडे शंभरात एकही घेत नाही, मग?

मग जाहिरात थांबवून साइट बघा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? साध्या मोबाइलवर, गावातल्या नेटवर पान किती वेळात उघडतं? भाव लिहिला आहे का? फोन नंबर वरच दिसतो का? कोणत्या शहरात किती दिवसांत पोहोचेल, फळ साक्याचं (बाहेरून चांगलं, आतून बिघडलेलं) निघालं तर काय कराल, हे लिहिलं आहे का? फोटो तुमच्या बागेतले आहेत की कुठून तरी उचललेले? हापूस घेणाऱ्याला फसवलं जाण्याची भीती असते आणि ती रास्त आहे. बाग, आढी, पेटी भरणारे हात यांचे खरे फोटो घातले तर ती भीती बरीच कमी होते. याला एक रुपयाही लागत नाही.

क्लिकचा भाव कोण ठरवतं? जास्त पैसेवाला कायम वर राहतो का?

भाव लिलावात ठरतो, आणि लिलाव प्रत्येक शोधाला नव्याने होतो. १९९८ मध्ये 'गोटू' नावाच्या अमेरिकी सर्च साइटने क्लिकमागे पैसे घ्यायला सुरुवात केली, तेव्हा नियम सरळ होता: जास्त बोली, वरचं स्थान. गूगलने ऑक्टोबर २००० मध्ये ३५० जाहिरातदारांना घेऊन आपली अॅडवर्ड्स सेवा सुरू केली. २००२ मध्ये तिथे क्लिकचा लिलाव आला, तेव्हा त्यांनी बोलीबरोबर आणखी एक गोष्ट धरली: लोक या जाहिरातीवर क्लिक करण्याची शक्यता किती. आज त्याच सेवेचं नाव गूगल अॅड्स आहे आणि प्रत्येक शब्दासमोर १ ते १० असा गुणवत्तेचा आकडा दिसतो. जाहिरात शोधाशी जुळणारी आहे का आणि क्लिक केल्यावर उघडणारं पान कामाचं आहे का, यावर तो ठरतो.

छोट्या माणसाला इथेच जागा आहे. 'देवगड हापूस पाच डझन पेटी पुणे' असं शोधणाऱ्याला नेमकं तेच सांगणारी जाहिरात आणि तेच दाखवणारं पान दिलंत, तर मोठ्या व्यापाऱ्याच्या मोघम जाहिरातीपेक्षा कमी पैशात तुम्ही वर येऊ शकता. शिवाय बोली १५ लावली म्हणून १५ जातातच असं नाही. आपली जागा राखायला जितके लागतील तितकेच घेतले जातात.

क्लिक येतात, पण भलत्याच लोकांचे. हे कशामुळे?

जवळजवळ नेहमी तीन कारणांमुळे, आणि तिन्ही तुमच्या हातातली आहेत.

पहिलं कारण शब्द. 'हापूस आंबा' हा शब्द मोकळा सोडला की गूगल त्याच्याशी लांबून नातं असलेल्या शोधांनाही जाहिरात दाखवतं. हापूसचं कलम कुठे मिळेल, लागवडीला अनुदान किती, मोहोरावर कोणती फवारणी करावी, आंब्यावर निबंध, आंब्याचं लोणचं कसं करतात. यांतल्या कोणालाही पेटी नको आहे, पण उत्सुकतेने क्लिक केला की तुमचे बारा रुपये गेले. खात्यात एक अहवाल असतो, लोकांनी प्रत्यक्षात काय टाइप केलं त्याचा. पहिले पंधरा दिवस तो रोज उघडा आणि कलम, रोप, लागवड, अनुदान, फवारणी, निबंध, रेसिपी, फोटो असे नको असलेले शब्द निगेटिव्ह कीवर्डच्या यादीत टाकत जा, म्हणजे त्या शोधांना जाहिरात दिसत नाही. आमच्या खात्यातली ही यादी पहिल्या हंगामातच दीडशेच्या वर गेली आणि जितका फायदा तिने झाला तितका दुसऱ्या कशाने झाला नाही. हेही ध्यानात ठेवा की आपली बरीच माणसं मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करतात. 'हापूस पेटी' देवनागरीत ठेवाच, पण रोमनमध्येही, आणि 'आंबा'चं स्पेलिंग लोक जसं जसं करतात तसं तसं ठेवा.

दुसरं कारण ठिकाण. तुम्ही पुणे निवडलं, तरी मूळ सेटिंग 'पुण्यात असलेले किंवा पुण्यात रस दाखवणारे' असं असतं. म्हणजे दुबईत किंवा न्यू जर्सीत बसून पुण्याबद्दल काही शोधणाराही त्यात येतो. परदेशातल्या मराठी माणसाला हापूसची ओढ असते, तो प्रेमाने क्लिक करतो, फोनही करतो. पण अमेरिकेत आंबा पाठवायचा तर त्यावर विकिरण प्रक्रिया (किरणांनी कीड मारणं) सक्तीची आहे. २००७ मध्ये तिथली बाजारपेठ उघडली ती याच अटीवर. वाशी, लासलगाव अशा मान्यताप्राप्त केंद्रांतून गेलेला मालच जातो. घरच्या पेटीला कुरिअरचा कागद चिकटवून ते होत नाही. 'त्या ठिकाणी प्रत्यक्ष असलेले' हा पर्याय निवडा. याच्या अगदी उलट गरज फराळवाल्या ताईंची. चकली-करंजी परदेशी पाठवणार असाल, तर तिथली शहरं मुद्दाम निवडा आणि दिवाळीच्या कितीतरी आधी जाहिरात सुरू करा, कारण पार्सलला वेळ लागतो. मालवणच्या होमस्टेसाठी 'रस दाखवणारे' हाच पर्याय योग्य, कारण मालवणात राहणाऱ्याला तुमची खोली नको आहे.

तिसरं कारण एक टिकमार्क. शोधाची जाहिरात बनवताना 'डिस्प्ले नेटवर्क' ही खूण बहुधा आधीच केलेली असते. ती ठेवली की जाहिरात दुसऱ्यांच्या साइट्सवर आणि अॅप्समध्येही दिसते. मोबाइलवरच्या खेळात मुलाचं बोट चुकून लागलं, तरी तो क्लिकच. ही खूण काढा.

गूगल बरं की फेसबुक-इन्स्टाग्राम?

गूगलवर माणूस काहीतरी मागत येतो. फेसबुक-इन्स्टाग्रामवर तो भाचीच्या बारशाचे फोटो बघायला आलेला असतो, तुम्ही मध्ये येता. म्हणून ज्याची गरज आधीच आहे त्याला गूगल, आणि जे दिसल्यावर मोह होतो त्याला इन्स्टाग्राम. येवल्याची पैठणी, समुद्राकडे उघडणारी होमस्टेची ओसरी, हाताने रंगवलेली गणेशमूर्ती या दिसायच्या गोष्टी आहेत. पाण्याची मोटर दुरुस्त करणाऱ्याने तिथे पैसे घालू नयेत.

पैसे देऊन पोस्ट जास्त लोकांना दाखवणारं, पोस्टखालचं 'बूस्ट'चं बटण सोपं आहे म्हणून लोक तेच दाबतात. ही यंत्रणा जे मागाल तेच देते. लाइक मागितले तर ऊठसूट लाइक करणारी माणसं शोधून आणते, क्लिक मागितले तर क्लिक करणारी. यांतले बरेचजण आयुष्यात ऑनलाइन काही विकत घेत नाहीत. जाहिरात खात्यात जाऊन उद्दिष्ट 'विक्री' किंवा 'मेसेज' ठेवा. महाग दिसतं, पण ऑर्डरमागे बघितलं तर बहुतेक वेळा स्वस्त पडतं.

आमच्याच नावाने शोधणाऱ्यांना जाहिरात दाखवावी का?

याचं उत्तर देणारा एक सुंदर प्रयोग झाला आहे. ईबे या खरेदी-विक्रीच्या मोठ्या अमेरिकी साइटने मार्च २०१२ मध्ये याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या सर्चवर स्वतःच्या नावावरच्या जाहिराती बंद करून पाहिल्या. जाहिरातीतून येणारे ९९.५ टक्के क्लिक खालच्या फुकटच्या दुव्यावरून तसेच आले. माणसं ईबेलाच शोधत होती, पहिला दुवा दिसला तो दाबत होती. पुढे त्यांनी गूगलवरच्या इतर शब्दांच्या जाहिराती अमेरिकेच्या काही भागांत थांबवल्या. नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या खरेदीत फरक पडला नाही. नव्या आणि क्वचित येणाऱ्यांच्या बाबतीत मात्र जाहिरातीने खरंच खरेदी वाढवली होती. थॉमस ब्लेक, क्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टॅडेलिस यांनी हे २०१५ मध्ये शोधनिबंधात मांडलं.

आपण ईबे नाही, आपलं नाव कोणाला माहीत नाही, म्हणून आपली बहुतेक गिऱ्हाइकं 'नवी' याच गटात मोडतात. ही छोट्यांसाठी चांगली बातमी आहे. पण स्वतःच्या नावावर पैसे घालण्याआधी शोधून पाहा. फुकटात तुम्ही पहिले दिसत असाल आणि वर कोणी दुसरा जाहिरात करत नसेल, तर गरज नाही. कोणी तुमच्या नावावर बोली लावत असेल, तर थोडे पैसे ठेवा. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये गूगलच्या एका प्रकरणात म्हटलं की दुसऱ्याचा ट्रेडमार्क कीवर्ड म्हणून वापरणं आपोआप उल्लंघन होत नाही. लोकांची दिशाभूल होत असेल तर मात्र होतं, आणि अशा वेळी गूगललाही हात झटकता येत नाहीत. नाव नोंदवलेलं असेल, तर जाहिरातीच्या मजकुरात ते वापरणाऱ्याची गूगलकडे तक्रार करता येते.

जाहिरात दिली की गूगलच्या फुकटच्या निकालांतही वर येतो का?

नाही. दोन्ही वेगळे आहेत. 'आम्ही शंभर लिंक (दुसऱ्या साइट्सवरून तुमच्याकडे येणारे दुवे) देऊ, वर याल' म्हणणाऱ्यांपासून तर लांबच राहा. पैसे देऊन क्रमवारीसाठी लिंक घेणं गूगलच्या नियमांविरुद्ध आहे. २०११ मध्ये जेसी पेनी या अमेरिकी दुकानसाखळीला याच कारणाने गूगलने एकदम खाली ढकललं होतं.

माझा मराठी ब्लॉग आहे. त्यावर जाहिराती दाखवणाऱ्या गूगलच्या अॅडसेन्स सेवेतून पैसे मिळतात. लोक विकत आणून कमाई वाढवता येईल का?

वाचकामागे मिळणारे पैसे आणि वाचक आणायला लागणारे पैसे समोरासमोर ठेवा. समजा हजार पानं वाचली गेली की तुम्हाला ५० रुपये मिळतात. दोन रुपयांना एक असे हजार वाचक आणायचे तर २,००० लागतील. हे गणित कुठूनही जुळत नाही. स्वस्तातले म्हणून घाऊक ट्रॅफिक घेतलंत, तर अॅडसेन्स त्याला 'अवैध' ठरवून खातं बंद करू शकतं, आणि साठलेली रक्कमही जाऊ शकते. ती रक्कम १०० डॉलरची पायरी गाठेपर्यंत हातात येत नाही, त्यामुळे मराठी ब्लॉगरची कित्येक महिन्यांची कमाई अशी अडकलेली असते. कुठून वाचक आणले याची जबाबदारी तुमचीच धरली जाते, विकणाऱ्याची नाही.

ब्लॉगरने पैसे घालावेत असा एकच प्रसंग मला पटतो: तुमच्याकडे विकायला स्वतःचं काही आहे. पुस्तक, शिकवणी, कार्यशाळा. नाहीतर तो वेळ एक चांगला लेख लिहायला द्या. मराठीत शेती, कायदा, आरोग्य, सरकारी योजना यांवर नीट, खरं लिहिलेलं अजूनही इतकं थोडं आहे की चांगल्या लेखाला वाचक आपणहून सापडतात.

आमच्या ऑर्डर फोनवर आणि व्हॉट्सअॅपवर येतात. जाहिरातीमुळे कोण आलं हे कळणार कसं?

जाहिरातीवर आणि तिच्या पानावर वेगळा मोबाइल नंबर द्या. एक सिम पुरतं. प्रत्येक जाहिरातीच्या दुव्याला यूटीएम खूण (दुव्याच्या शेवटी जोडायचे काही शब्द) जोडा, म्हणजे साइटवरच्या भेटी मोजणाऱ्या अॅनालिटिक्समध्ये कोणती भेट कुठून आली ते वेगळं दिसतं. आणि फोनवर प्रत्येकाला विचारा, 'आमच्याबद्दल कुठून कळलं?' उत्तर वहीत लिहा. आमच्या घरी हे काम आई करते, आणि तिची वही कोणत्याही अहवालापेक्षा विश्वासाची आहे.

जाहिरात कंपनीने दाखवलेला आकडा नेहमी आपल्या वहीशी ताडून पाहा. लोक सरासरी किती वेळ व्हिडिओ पाहतात हा आकडा दोन वर्षं फुगलेला दाखवला जात होता, हे फेसबुकने सप्टेंबर २०१६ मध्ये मान्य केलं. तीन सेकंदांच्या आत निघून जाणारे भागाकारात धरलेच नव्हते.

किती पैशांनी सुरुवात करावी?

जे गेले तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही इतक्यांनी, पण निकाल लागेल इतके तरी हवेत. खरं प्रमाण दोन टक्के असलं, तरी शंभर क्लिकांत एकही ऑर्डर न येण्याची शक्यता सुमारे १३ टक्के असते. म्हणून शंभर क्लिकांवर 'जाहिरात फुकट गेली' म्हणू नका. तीनशे क्लिकांत एकही आली नाही, तर मात्र नशिबाला दोष देता येत नाही. दिवसाला ३०० रुपये, तीन आठवडे, म्हणजे ६,३०० आणि करासह ७,४३४ रुपये. १२ रुपयांच्या भावाने पाचशेच्या वर क्लिक. इतक्यात दिशा कळते.

गूगल एखाद्या दिवशी ठरवलेल्या रकमेच्या दुप्पट खर्च करू शकतं, महिन्याचा हिशेब दिवसाच्या रकमेच्या ३०.४ पटीत बसवतं. पहिल्याच दिवशी ३०० चे ६०० गेलेले पाहून घाबरलेल्या दोघांचे फोन मला आले आहेत.

आणि त्याआधी गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलच्या नकाशावर दिसणारी आपल्या व्यवसायाची माहिती, भरून घ्या. ते फुकट आहे. होमस्टे, दुकान, दवाखाना यांना नकाशावरचे फोटो आणि खरे अभिप्राय बऱ्याच वेळा जाहिरातीपेक्षा जास्त माणसं देतात.

एजन्सीला काम द्यावं का?

महिन्याचा जाहिरात खर्च एजन्सीच्या फीपेक्षा कमी असेल, तर देऊ नका. द्याल तेव्हा एक अट पाळा: जाहिरात खातं तुमच्या ईमेलवर, तुमच्या कार्डावर असावं, एजन्सीला फक्त प्रवेश द्यावा. आमचं पहिलं खातं एका एजन्सीने स्वतःच्या नावावर काढलं होतं. काम थांबवलं तेव्हा दोन हंगामांचे शब्द, नको असलेल्या शब्दांची यादी, कोणत्या शहरातून किती ऑर्डरी आल्या, सगळं त्यांच्याकडे राहिलं. मला अजून त्याचं वाईट वाटतं, कारण ते पैसे देऊन मिळवलेलं शहाणपण होतं.

'इंप्रेशन्स (जाहिरात किती वेळा दिसली) इतक्या, क्लिक इतके' असा अहवाल आला, तर एकच विचारा: ऑर्डरी किती आणि एका ऑर्डरला किती पडले? ज्याने कधी पेटी भरली नाही, त्याला हंगाम समजावून सांगणं हे तुमचं काम आहे. पहिली पेटी कधी, भाव कधी उतरतो, अवकाळी पाऊस झाला की जाहिरात त्याच दिवशी थांबवायची, हे लिहून द्या.

जाहिरातीत काय लिहू नये?

जे खरं नाही ते. ऑक्टोबर २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन (ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क) मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी. बाहेरचा आंबा हापूस म्हणून विकणारे दरवर्षी असतात आणि त्यांच्यामुळे आमच्या पेटीकडेही संशयाने पाहिलं जातं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. रील करणाऱ्या कोणाला पैसे किंवा फुकट पेटी देऊन बोलायला लावलं, तर ती जाहिरात आहे असं तिथे स्पष्ट लिहिलं पाहिजे. जाहिरात मानक परिषदेचा हा नियम २०२१ पासून आहे.

हंगाम संपला की जाहिरातीचं काय करायचं?

झाडावरचं शेवटचं फळ उतरायच्या आठवडाभर आधी बंद करा. पेट्या संपल्या आणि जाहिरात चालू राहिली, तर नकार ऐकायला आलेल्या माणसाचे पैसे आपण भरतो. मग जूनमध्ये, पाऊस लागला की, वही आणि खातं घेऊन बसा. कोणत्या शब्दाने ऑर्डर दिली, कोणत्या शहराने, कोणत्या आठवड्यात, ते काढून ठेवा. या वर्षीच्या प्रत्येक गिऱ्हाइकाचा नंबर, त्याची परवानगी घेऊन, यादीत घाला. गुढीपाडव्याच्या सुमारास त्या यादीला पहिला मेसेज जाऊ द्या आणि तिथून किती पेट्या जातात ते आठ दिवस बघा. उरलेल्या पेट्यांपुरतीच जाहिरात सुरू करा.